न्यायमूर्ती माधवराव रानडे : घर न सोडता केलेली समाजसेवा

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांची चरित्रे छापण्याची चाल जुनी आहे व ती योग्यही आहे. परंतु अशा चरित्रांत एक दोष नकळत शिरतो. थोर पुरुष निधन पावून पुष्कळ वर्षे लोटली म्हणजे आपण त्यांना सहज आपले म्हणतो आणि ते हयात असताना आपल्याच आजोबा-पणजोबांनी त्यांना कसे वागविले होते, याचा सोयीस्कर विसर पडतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवताना हा विसर पडू देता कामा नये. ज्या ज्ञातीला आज त्यांचा अभिमान वाटतो, तिनेच एके काळी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्यांनी मात्र ना ज्ञात सोडली, ना घर सोडले, ना समाजसेवेचे व्रत सोडले. ही तिन्ही एकत्र धरून ठेवताना त्यांना काय सोसावे लागले आणि कोठे वाकावे लागले, हे समजून घेणे हीच त्यांना खरी आदरांजली होय.

नाशिककरांना तर या चरित्राविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, असे कारण आहे. माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव हे त्या वेळी सरकारी नोकरीत कारकून होते. मातोश्रींचे नाव गोपिकाबाई. पुढे गोविंदरावांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि कुटुंबाने निफाड सोडले. या प्रवासातील एक प्रसंग त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. रात्रीच्या वेळी बैलगाडीतून जात असता अडीच वर्षांचा माधव गाडीतून खाली पडला आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. मागून घोड्यावर बसून काका येत होते. टापांचा आवाज ऐकताच त्या बालकाने अंधारातून त्यांना हाक मारली आणि काकांनी त्यास उचलून घेतले. त्या रात्री ती हाक कानी पडली नसती, तर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण लिहिलेच गेले नसते.

माधवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. आईचे छत्र लहानपणीच हरपले. शाळेत हा मुलगा अबोल, काहीसा मंद वाटणारा; परंतु पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकावयास गेल्यावर त्याच्या बुद्धीचे तेज प्रकट झाले. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत माधवराव होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्एल्. बी. अशा पायऱ्या ते चढत गेले. अहोरात्र वाचनाने डोळे मात्र कायमचे अधू झाले. अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांत काही काळ अधिकाराच्या जागेवर काम केल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले आणि १८७१ मध्ये ते पुण्यास प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून आले.

पुण्यात येण्यापूर्वीच त्यांचे नाव सुधारकांच्या यादीत चढले होते. विष्णुशास्त्री पंडित यांनी विधवाविवाहाची चळवळ हाती घेतली, तेव्हा माधवराव त्यांच्या बाजूस उभे राहिले. १८६९ च्या जूनमध्ये मुंबईस वेणूबाई व पांडुरंग विनायक करमरकर यांचा पुनर्विवाह झाला. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर सही करणाऱ्यांत माधवराव एक होते. सही करणाऱ्यांवर व विवाहात भाग घेणाऱ्यांवर शंकराचार्यांच्या आज्ञेने बहिष्कार पुकारण्यात आला. आजच्या पिढीस बहिष्कार हा शब्द पुस्तकी वाटेल. त्या काळी त्याचा अर्थ फार रोकडा होता. श्राद्धास ब्राह्मण मिळत नसे, मुलीबाळींचे विवाह अडत, माहेरवाशिणीस माहेर तुटे. बहिष्कृत पुरुष कचेरीत जाऊन बसे. घरातील स्त्रियांना मात्र पाणवठ्यावर, देवळात, शेजारीपाजारी त्याची धग पदोपदी लागे. कर्त्या माणसाच्या एका सहीची किंमत सगळे कुटुंब मोजीत असे. माधवरावांच्या पुढील सर्व वर्तनाचा उलगडा करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१८७३ मध्ये त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई क्षयाने निवर्तल्या. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. सुधारक मंडळींची अपेक्षा अशी की, आता हे एखाद्या विधवेशी विवाह करून आपले बोलणे खरे करून दाखवितील. वडिलांना नेमकी हीच भीती वाटत होती. त्यांनी तातडीने मुलगी पाहिली. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यातील अकरा वर्षांची कन्या मुक्रर झाली. माधवरावांनी वडिलांची परोपरीने विनवणी केली. विवाहच नको, एकटा राहतो, असेही सांगून पाहिले. वडील बधले नाहीत. ऐकणार नसशील तर आपला संबंध संपला, येथवर गोष्ट आली. अखेर माधवरावांनी मान तुकविली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विवाह झाला.

या प्रसंगाविषयी माधवरावांवर तेव्हा टीकेचा भडिमार झाला आणि ती टीका अन्याय्य होती, असे म्हणता येत नाही. ज्याने इतरांना पुनर्विवाहाचे धैर्य शिकविले, त्याने स्वतःच्या वेळी माघार घ्यावी, हे अनुयायांच्या जिव्हारी लागले. पितृभक्ती हा सद्गुण खरा. परंतु ज्या विधवांच्या कैवाराने ते उभे राहिले होते, त्यांच्या दृष्टीने पाहता ही माघारच होती. त्यांच्या स्वतःच्या घरी दुर्गाताई ही विधवा भगिनी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीची वेदना अधिकच खोल जाते. चरित्रकाराने येथे पांघरूण घालू नये. माधवरावांनीही आपल्या वर्तनाचे समर्थन करण्यासाठी कधी वाद घातला नाही. टीका त्यांनी मुकाट्याने सोसली.

परंतु येथूनच त्यांच्या कुटुंबजीवनातील थोर भागास आरंभ होतो. आपल्या इच्छेविरुद्ध घरात आलेल्या त्या अजाण मुलीचा यात काडीचाही अपराध नाही, हे त्यांनी ओळखले. त्या मुलीस अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी स्वतः पाटी-पेन्सिल आणून तिला शिकवावयास प्रारंभ केला. दिवसभर न्यायालय, सायंकाळी सार्वजनिक सभा, भेटीस येणाऱ्यांची रीघ आणि त्यानंतर रात्री हा पाठ, असा क्रम चालू झाला. मराठी झाले, मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचत नसे. सुनेने पुस्तक हाती घेतले की टोमणे बसत, अबोला धरला जाई. माधवराव घरातील कोणाशी भांडले नाहीत. पण पाठही त्यांनी थांबविला नाही.

१८७७ मध्ये गोविंदराव कैलासवासी झाले. त्यांच्या मागे कर्ज होते, सावत्र मातोश्री व धाकटी भावंडे होती. माधवरावांनी वडिलांचे सर्व देणे आपल्या शिरावर घेतले आणि साऱ्या परिवारास आपल्या घरी आणले. ज्या पित्यापुढे झुकल्यामुळे जगात हसे झाले, त्याच्या कर्जाची फेड करताना त्यांनी कधी कटू शब्द काढल्याचे ऐकिवात नाही. सावत्र भावांचे शिक्षण, आल्यागेल्याचे आतिथ्य, सणवार, व्रतवैकल्ये हे सर्व त्या घरात यथासांग चालत असे. मिळकत मोठी, पण स्वतःची राहणी साधी. आणि घरातील कोणाच्याही श्रद्धेस त्यांनी धक्का लावला नाही.

याच काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. १८७६ ते १८७८ या वर्षांत गावेच्या गावे ओस पडली, गुरेढोरे मेली, माणसे अन्नान्न करीत मेली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे खरे मस्तक माधवरावच होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून दुष्काळाची माहिती गोळा केली आणि ती आकड्यांनिशी सरकारपुढे मांडली. रयतेचे दुःख केवळ कळवळ्याने न सांगता पुराव्याने सांगावे, ही शिस्त महाराष्ट्राला माधवरावांनी लावली. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे नाव पुढे येत नसे. परंतु सभेच्या लिखाणामागील हात कोणाचा, हे सरकारास पक्के ठाऊक होते. त्यांचा पुण्यातील प्रभाव वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपू लागला आणि १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकास झाली.

निफाड सोडून गेलेला तो बालक अशा रीतीने तीन तपांनंतर न्यायाधीश होऊन आपल्या जन्मजिल्ह्यात परत आला. सरकारच्या मते ही दूर सारणी होती. पण नाशिकच्या दृष्टीने तो लाभच ठरला. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख हेही त्या वेळी नाशिकास न्यायखात्यात मोठ्या पदावर होते. महाराष्ट्रातील सुधारणेच्या दोन पिढ्या गोदावरीच्या काठी एकत्र आल्या, असेच म्हणावयास हवे. एक आयुष्याच्या उतारावरचे, परखड लेखणीचे. दुसरे ऐन उमेदीतील, सौम्य वाणीचे. दोघांच्याही मनात एकच विचार होता की, स्त्रियांच्या शिक्षणाविषयी नुसते लिहून भागणार नाही. घरातील स्त्रियांना चारचौघांत आणले पाहिजे.

नाशिकचे दिवस रमाबाईंच्याही आयुष्यात निराळे ठरले. पुण्यातील मोठ्या परिवाराचा जाच येथे नव्हता. घराचा जमाखर्च माधवरावांनी त्यांच्या हाती सोपविला. ठराविक रक्कम द्यावी आणि तीत महिना कसा भागवावा, हे त्यांचे त्यांनीच ठरवू द्यावे, अशी रीत त्यांनी घातली. चुकत चुकत रमाबाई शिकल्या. सकाळ-संध्याकाळ वाचन चाले. आणि याच नाशिकात त्या प्रथम लोकांसमोर बोलावयास उभ्या राहिल्या. हायस्कुलातील एका समारंभासाठी त्यांना पाहुण्या म्हणून बोलाविण्यात आले होते. त्या वेळचे भाषण माधवरावांनी स्वतः लिहून दिले होते. सोळा-सतरा वर्षांची ती गृहिणी, समोर गावातील प्रतिष्ठित मंडळी आणि हातात पतीने लिहिलेला कागद, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पुढे ज्या रमाबाईंनी लेखी आधाराशिवाय मोठमोठ्या सभा गाजविल्या, त्यांचा सार्वजनिक आयुष्यातील पहिला शब्द नाशिकच्या हवेत उमटला, ही गोष्ट या गावाने विसरू नये.

नाशिकचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले. त्याच उन्हाळ्यात पुण्यात बुधवार वाड्यास व विश्रामबाग वाड्यास आगी लागल्या. सुशिक्षित ब्राह्मणांवर, विशेषतः माधवरावांवर, संशयाची छाया पडली. त्यांना तडकाफडकी धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. माधवरावांनी सर्व ओळखले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. न्यायालयाचे काम नित्याप्रमाणे चालू ठेवले. कालांतराने संशय फिटला आणि १८८१ च्या आरंभी त्यांना मुंबईस न्यायखात्यात जागा मिळाली.

पुण्यास परत आल्यावर त्यांच्या कार्याचा पसारा वाढतच गेला. शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी १८७९ मध्ये कायदा झाला होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी गावोगाव दौरे काढून कुळे व सावकार यांच्यातील व्यवहार तपासले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजेच पुढे सर्वश्रुत झालेली हुजूरपागा, सुरू झाली. तिच्या संस्थापकांत ते होते. १८८७ मध्ये सामाजिक परिषद निघाली. १८९० मध्ये स्वदेशी उद्योगधंद्यांच्या वाढीसाठी औद्योगिक परिषदेचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. राजकारण, उद्योग, धर्म, शिक्षण, गृहस्थिती या सर्वांची सुधारणा हातात हात घालून झाली पाहिजे, एक अंग सुदृढ आणि दुसरे लुळे अशाने शरीर चालत नाही, हे त्यांचे सूत्र होते.

या साऱ्या उद्योगात घराची कसोटी सुटली नव्हती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि रानड्यांच्या पत्नी त्यांच्या सभांस जाऊ लागल्या. घरातील स्त्रियांचा रोष अनावर झाला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचून त्या घरी आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्यास कौतुकाऐवजी कठोर बोलणी आली. माधवरावांनी पत्नीला धीर दिला, सोसावयास शिकविले. परंतु वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देऊ दिले नाही. कोणी म्हणेल, ही शांतता पतीस सोपी होती, तिचा भार पत्नीच्या खांद्यावर पडला. हा आक्षेप खरा आहे. रमाबाईंच्या सहनशक्तीवाचून माधवरावांचे घर आणि समाजकार्य यांचा मेळ बसलाच नसता, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच या चरित्राच्या पुण्याईत अर्धा वाटा रमाबाईंचा आहे.

१८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापानाचा प्रसंग घडला. मिशनच्या व्याख्यानास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी केवळ हात लावला. उपस्थितांची नावे प्रसिद्ध होताच ज्ञातीत गदारोळ उठला. पुन्हा बहिष्कार, पुन्हा शंकराचार्यांकडे धाव, पुन्हा ग्रामण्य. टिळकांचे नावही या यादीत होते. अखेर १८९२ मध्ये माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःसाठी त्यांना त्याची गरज वाटत नव्हती. आपल्यामुळे मित्रांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या जिवाला लागलेला घोर त्यांना पाहवेना. रमाबाईंना हे पटले नाही आणि त्यांनी तसे मोकळेपणाने लिहूनही ठेवले. ज्या मुलीला पाटीवर अक्षरे गिरवावयास शिकविली, ती आता पतीच्या निर्णयाविरुद्ध स्वतंत्र मत बाळगण्याइतकी मोठी झाली होती. माधवरावांच्या शिकवणुकीचे याहून मोठे फळ कोणते असणार?

१८७३ आणि १८९२, दोन्ही वेळा माधवराव वाकले. दोन्ही वेळा सुधारकांनी त्यांस भित्रे म्हटले आणि सनातन्यांनी तरीही आपले मानले नाही. दोन्ही पक्षांच्या मध्ये उभे राहण्याचे हे भाग्य अथवा दुर्भाग्य त्यांनी जन्मभर पत्करले. ज्ञातीतून बाहेर पडून तिच्यावर कोरडे ओढणे त्यांना अशक्य नव्हते. पण घरातील माणसे मागे ठेवून एकट्याने पुढे जाण्यात त्यांना सुधारणा दिसत नव्हती. सगळे घर, सगळी ज्ञात, सगळा देश एक एक पाऊल पुढे सरकला पाहिजे, मग वेग मंद का असेना, हा त्यांचा मार्ग होता. या मार्गाने ज्यांना न्याय मिळण्यास उशीर झाला, त्यांचे दुःख खरे आहे, आणि माधवरावांच्या मार्गाचे मूल्यमापन करताना ते दुःखही तराजूत घातले पाहिजे.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या निधनानंतर माधवरावांची मुंबई हायकोर्टात नेमणूक झाली. निफाडच्या कारकुनाचा मुलगा देशातील श्रेष्ठ न्यायासनांपैकी एकावर बसला. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यावरून तंटा झाला, तेव्हा त्यांनी परिषद दुसऱ्या ठिकाणी भरविली, पण तंटा वाढू दिला नाही. हातची सार्वजनिक सभा गेली, तेव्हा १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली आणि पुन्हा कामास लागले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. एकोणसाठावा वाढदिवस केवळ दोन दिवसांवर आला होता.

त्यांच्या पश्चात रमाबाई घरात बसून राहिल्या नाहीत. मुंबईच्या सेवासदनात त्यांनी काम केले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यास सेवासदन उभे राहिले, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. निराधार व विधवा स्त्रियांना शिक्षण देऊन शिक्षिका व परिचारिका करण्याचे कार्य तेथे झाले. ज्या प्रश्नावर पतीने तरुणपणी माघार घेतली होती, त्याच विधवांच्या प्रश्नासाठी पत्नीने उत्तरायुष्य वेचले. माधवरावांवर राहिलेले एक ऋण अशा रीतीने त्यांच्या घराने फेडले. त्यांच्या कार्याची थोरवी त्यांच्या ज्ञातीपुरती राहिली नाही. १९४३ मध्ये त्यांच्या एकशे एकाव्या जयंतीस पुण्याच्या डेक्कन सभेत व्याख्यान देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांच्या कार्याचा गौरव केला होता.

वाचकहो, समाजसेवा म्हणजे घरदार सोडून करावयाचे काम, अशी आपली एक समजूत असते. आणि घर सांभाळावयाचे म्हणून समाजाचे काम जमत नाही, ही तिचीच दुसरी बाजू. माधवरावांच्या चरित्राने दोन्ही खोट्या ठरविल्या. मात्र त्याच चरित्राने ज्ञातीसाठीही एक प्रश्न ठेवला आहे. आपल्यातील जो माणूस आपल्याहून दोन पावले पुढे चालतो, त्याच्या घरातील माणसांना आपण कसे वागवितो? माधवरावांना वाकविले ते सरकारने नव्हे, दारिद्र्याने नव्हे. वाकविले ते आपल्याच माणसांच्या बहिष्काराने. आजही एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी रूढीबाहेर पाऊल टाकते, तेव्हा आईबापांना समारंभात बाजूला बसविणारे, कुजबुजणारे आपणच असतो. निफाडच्या या सुपुत्राचे स्मरण करताना आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने एवढा निश्चय केला की अशा घराशी आपला येण्याजाण्याचा संबंध तुटू द्यावयाचा नाही, तर या ज्ञातीने त्यांचे जे देणे लागते, त्यातील काही अंश तरी फिटेल.